४०८ चे ३९८ का झाले?

१९७६ च्या मार्चमध्ये होंडाने जपानमध्ये सीबी४०० फोर ही मोटारसायकल नव्या रूपात बाजारात आणली. सहा गिअर तेच होते आणि उजव्या अंगाला झुकत खाली येऊन एकाच सायलेन्सरमध्ये मिळणारे चार पाइपही तेच होते. आत मात्र स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली जे अंतर कापतो ते, ५० मिलिमीटरचा ४८.८ झाला होता आणि ४०८ सीसीचे इंजिन ३९८ वर आले होते. ताकद ३७ पीएसवरून (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) ३६ वर उतरली. यामुळे गाडी जास्त सुरक्षित झाली नाही की तिचा धूर कमी झाला नाही. कारण वेगळेच होते. ऑक्टोबर १९७५ पासून जपानमध्ये ४०० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींसाठी वेगळा, मिळवायला अतिशय अवघड असा परवाना सुरू झाला होता, आणि जेमतेम वर्षभरापूर्वी आलेली ही गाडी आठ सीसीने रेघेच्या पलीकडे गेली होती.

हे आज सांगायचे कारण आपल्याकडचे आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वर तो उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० झाला. एका सीसीच्या फरकाला आता २२ टक्क्यांचा फरक चिकटला आहे. कायद्याने गाड्यांची वर्गवारी करावी, याला कोणाचीच हरकत नसावी. पण ती वर्गवारी सीसीवर करणे चूक आहे, आणि जपानच्या चार सिलिंडरच्या चारशेचा पन्नास वर्षांचा इतिहास हा त्या चुकीचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी ही गाडी काय होती ते पाहू. १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये होंडाने सीबी७५० दाखवली आणि पुढच्या वर्षी विकायला काढली. एका ओळीत चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक आणि सर्वसाधारण माणसाला विकत घेता येईल अशी किंमत हे तोवर एकत्र आलेले नव्हते. १९७१ मध्ये ५०० आली, १९७२ मध्ये ३५०. ही ३५० फोर फार गुळगुळीत चालायची, पण ४७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५० मिमी स्ट्रोकच्या त्या ३४७ सीसी इंजिनाला आपल्याच वजनाचे ओझे व्हायचे. होंडाचीच दोन सिलिंडरची ३५० तिच्यापेक्षा हलकी होती आणि ताकदीला कमी नव्हती. म्हणून स्ट्रोक तसाच ठेवून बोअर ४७ वरून ५१ वर नेला. झाले ४०८ सीसी. पाचाच्या जागी सहा गिअर दिले, चार सायलेन्सर काढून एक बसवला, हँडल सपाट केले आणि पायदाने मागे सरकवली. १९७४ च्या डिसेंबरात ही गाडी आली. ४०८ हा आकडा कोणत्याही नियमातून आलेला नव्हता. हाताशी असलेल्या क्रँकवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यावर, जेवढा बोअर वाढवणे इंजिनियरांना योग्य वाटले, त्याचा तो गुणाकार होता.

आता त्यातून दहा सीसी काढायचे म्हणजे काय, तेही पाहू. स्ट्रोक १.२ मिमीने कमी करायचा तर क्रँकपिन केंद्राकडे ०.६ मिमी सरकवावी लागते, म्हणजे क्रँक नवी. क्रँकपिन आत आली की पिस्टन वर पोहोचतो तेव्हा ०.६ मिमी खालीच थांबतो. ५१ मिमी बोअरला त्या फटीचे आकारमान होते साधारण १.२ सीसी. मूळ इंजिनाचा दाब ९.४ ला १ होता, म्हणजे एका सिलिंडरचे १०२ सीसी दाबून सुमारे १२.२ सीसीच्या पोकळीत बसवले जात होते. पोकळी १३.४ झाली आणि सिलिंडर ९९.७ चा, तर दाब ८.४ च्या आसपास घसरतो. तो परत मिळवायचा तर पिस्टनमधले पिनचे भोक खाली घ्या, कनेक्टिंग रॉड लांब करा किंवा ब्लॉक बुटका करा. कोणताही मार्ग घेतला तरी नवा साचा, नवा भाग क्रमांक आणि नवी चाचणी आलीच. एवढे सगळे करून हाती आले काय, तर परवान्याच्या एका कलमात बसणारी गाडी. इंजिनियरांचे हे कष्ट ब्रेकवर किंवा चासीवर खर्च झाले असते, तर चालवणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला असता.

चारशेत चार सिलिंडर घालणे मुळातच महागडे काम आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. चार पिस्टन, चार कार्ब्युरेटर, आठ व्हॉल्व्ह, क्रँकला पाच बेअरिंग, दोन पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) आणि दोन कॉइल. जवळजवळ ७५० इतकेच भाग, फक्त लहान. देखभालही तशीच बारीक. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधले, अंतर इनटेकला आणि एक्झॉस्टला दोन्हीकडे ०.०५ मिमी, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी, एक पॉइंट १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरांना ठिणगी देतो, दुसरा २ आणि ३ ला. कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा) ताण, मग टॅपेट, मग पॉइंट आणि टायमिंग, आणि सर्वांत शेवटी चार व्हॅक्यूम गेज लावून कार्ब्युरेटर जुळवायचे. गेजवर दिसणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो आणि ठिणगी कधी पडते यावरही ठरतो. आधी कार्ब्युरेटर जुळवून मग टॅपेटला हात लावला, तर केलेले काम वाया जाते. कार्ब्युरेटर नीट जुळलेले नसले की आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद गिअरकडे नेणारी साखळी) खडखडते आणि अनोळखी मेकॅनिक बेअरिंग गेले समजून इंजिन उघडतो. दुर्लक्षित इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर जाम होतो. मग लॉक बोल्ट सैल केला तरी स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि चेनचा आवाज तसाच राहतो. अशा वेळी बोल्ट जोरात आवळून काही होत नसते, टेन्शनर सोडवावाच लागतो.

इतका खर्च कंपनी कधी सोसते? ग्राहकाला त्याच वर्गात राहणे भाग असते तेव्हा. तरीही होंडाला ते लगेच परवडले नाही. १९७७ मध्ये तिने ४०० फोर बंद केली आणि त्या जागी दोन सिलिंडरची हॉक आणली. हिशेबाने तो निर्णय बरोबरच होता. पण परवान्याच्या रेघेने तोवर आपले काम केले होते. मोठ्या गाडीचा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिळत नसे, थेट परीक्षा केंद्रावर जाऊन कठीण चाचणी द्यावी लागे, आणि बहुतेक जण नापास होत. त्यामुळे जपानमधल्या तरुणांची एक अख्खी पिढी ४०० च्या आत अडकली. जी काही हौस भागवायची, ती तिथेच.

१९७९ मध्ये कावासाकीने झेड४००एफएक्स आणली: ३९९ सीसी, चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, ४३ पीएस. ती धडाक्यात खपली. पुढच्या वर्षी यामाहाची एक्सजे४०० आली ४५ पीएसची. १९८१ च्या शेवटी होंडाची सीबीएक्स४००एफ, सोळा व्हॉल्व्ह आणि ४८ पीएस. १९८४ मध्ये सुझुकीची जीएसएक्स-आर४०० पोहोचली ५९ ला. १९७६ च्या ३६ वरून आठ वर्षांत ५९, आणि सीसी जिथल्या तिथे. अखेर कंपन्यांना ५९ पीएसची मर्यादा आपणहून पाळावी लागली, जी पुढे ५३ वर आणली गेली. या मर्यादेचा अर्थ स्पष्ट होता. सीसीच्या रेघेने ताकद आवरत नाही हे उद्योगाने स्वतःच मान्य करून दुसरी रेघ ताकदीवर ओढली. आज कावासाकीची ३९९ सीसीची झेडएक्स-४आर ७७ पीएस देते. १९७६ च्या ३९८ सीसीपेक्षा दुपटीहून जास्त, आणि जपानच्या कायद्यापुढे दोन्ही गाड्या एकच.

हे कसे शक्य होते त्याचे गणित साधे आहे. ताकद म्हणजे प्रत्येक फेरीतला जोर गुणिले फेऱ्या. सीसी बांधून ठेवला की जोराला मर्यादा येते, फेऱ्यांना येत नाही. म्हणून स्ट्रोक आखूड होत गेला: ४८.८ वरून झेड४००एफएक्सला ४७, सीबीएक्सला ४२, झेडएक्स-४आरला ३९.१. स्ट्रोक आखूड म्हणजे त्याच फेऱ्यांना पिस्टन कमी अंतर कापतो, म्हणून फेऱ्या वाढवता येतात. झेडएक्स-४आर मिनिटाला १४,५०० फेऱ्यांना आपली पूर्ण ताकद देते. अपघात टाळण्यासाठी आखलेल्या रेघेने अशा प्रकारे इंजिनियरांना लहान, जास्त फिरणाऱ्या आणि वरच्या फेऱ्यांत एकदम उसळणाऱ्या इंजिनांकडे ढकलले. नवख्या हाताला मोठे, संथ इंजिन जास्त सोपे जाते, हे कोणताही जाणता मेकॅनिक सांगेल.

या रेघेतून एक सुंदर यंत्र जन्माला आले हेही खरे, आणि ते न मान्य करणे अन्याय होईल. १९९२ ची सीबी४०० सुपर फोर. बोअर ५५, स्ट्रोक ४२, पाण्याने थंड होणारे इंजिन, ५३ पीएस. १९९९ मध्ये तिला हायपर व्हीटेक मिळाले. सोळा व्हॉल्व्हचे इंजिन कमी फेऱ्यांना मरगळते, कारण मोठ्या वाटेतून हवा संथ जाते आणि पेट्रोल नीट मिसळत नाही. म्हणून ६,७५० फेऱ्यांपर्यंत प्रत्येक सिलिंडरचे दोनच व्हॉल्व्ह उघडायचे, उरलेले दोन मिटलेले ठेवायचे, आणि त्यानंतर तेलाच्या दाबाने पिन सरकवून चारही कामाला लावायचे. पुढे तो आकडा ६,३०० वर आणला, सहाव्या गिअरला वेगळा ठेवला, आणि फ्युएल इंजेक्शन आल्यावर थ्रॉटल किती उघडला आहे त्यावर सोपवला. एका गाडीवर इतकी वर्षे असे बारीक काम क्वचित होते. जपानच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कित्येक जण याच गाडीवर परीक्षेची तयारी करत.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आधीपासून विक्रीत असलेल्या गाड्यांना नोव्हेंबर २०२२ पासून प्रदूषणाचे नवे, युरो-५ च्या तोडीचे नियम लागू होणार होते. लोक म्हणतात, प्रदूषणाच्या कायद्याने ती गाडी मारली. मला हे पटत नाही. जास्त फिरणाऱ्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काही काळ एकाच वेळी उघडे राहतात आणि न जळलेले पेट्रोल बाहेर निसटते. ते स्वच्छ करणे अवघड आणि खर्चिक, पण अशक्य नाही. चारच महिन्यांत, २०२३ च्या सुरुवातीला, कावासाकीने तेवढ्याच सीसीची, तेवढ्याच सिलिंडरची झेडएक्स-४आर जगापुढे ठेवली. फरक बाजारपेठेत होता. झेडएक्स-४आर युरोप, अमेरिका, भारत अशा सगळीकडे जाते. भारतात ती सप्टेंबर २०२३ मध्ये ८ लाख ४९ हजार रुपयांना आली. सुपर फोरचा मुख्य आधार मात्र जपान, आणि जपानबाहेर तिची खरी चलती होती सिंगापूरमध्ये, जिथे परवान्याची रेघ ४०० सीसीवरच आहे. जिथे ती रेघ नाही तिथे थोडे जास्त पैसे टाकून ६०० किंवा ६५० घेता येते. ४०० चे कोणाला काय? खुद्द जपानमध्येही १९९६ पासून मोठा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळू लागला आणि ४०० ची सक्तीची गिऱ्हाइकी आटत गेली. नव्या नियमांचा खर्च वाटून घ्यायला पुरेशी गाड्यांची संख्याच उरली नव्हती. एका देशाच्या कायद्यासाठी घडवलेली गाडी त्या देशाच्या बाजारापेक्षा मोठी होऊ शकत नाही.

आपल्याला काळजी हवी ती याच गोष्टीची. जगात विकल्या जाणाऱ्या कितीतरी मध्यम मोटारसायकली आज पुणे जिल्ह्यात तयार होतात. चाकणला बजाज ट्रायम्फची स्पीड ४०० आणि केटीएमची ३९० ड्यूक बनवते. बारामतीला पिआजिओच्या कारखान्यात एप्रिलियाची आरएस ४५७ तयार होते. या ४५७ कडे नीट पाहा. हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो कोणत्याच सीसीच्या रेघेत बसवलेला नाही. तिची ताकद आहे ४७.६ पीएस, म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. युरोपात २०१३ पासून ए-२ नावाचा मधला परवाना ३५ किलोवॅट आणि दर किलो वजनाला ०.२ किलोवॅट या मर्यादेवर मिळतो. सीसीचे बंधन नाही. इंजिनियरांनी तेवढी ताकद आरामात मिळेल असा आकार निवडला. बारामतीची गाडी युरोपच्या रेघेला अचूक बसते, आणि इथे तिला ४० टक्के कर.

चाकणमधलीच आणखी एक जोडी घ्या. कावासाकी निंजा ३०० तिथेच जुळवली जाते: २९६ सीसी, दोन सिलिंडर, ३९ पीएस. ट्रायम्फ स्पीड ४०० ला ३९८ सीसी, एक सिलिंडर, ४० पीएस. कर बदलला तेव्हा निंजाची किंमत तीन लाखांच्या वर होती, स्पीड ४०० ची अडीच लाखांच्या आसपास. महागडी गाडी १८ टक्क्यांत गेली, स्वस्त गाडी ४० टक्क्यांत, आणि ताकदीत फरक एका पीएसचा. हा कर चैनीवर आहे म्हणावे तर किंमत उलटी पडते. ताकदीवर म्हणावे तर ताकद सारखी. प्रदूषणावर म्हणावे तर दोन्ही गाड्या बीएस-६. दुसरीकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, ३४९ सीसी आणि सुमारे २० पीएस, निंजाच्याच टप्प्यात बसते. या रेघेने नेमके मोजले काय, याचे उत्तर एकच: सिलिंडरचे आकारमान.

सीसीच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. सीसी खोटा सांगता येत नाही. बोअर आणि स्ट्रोक धातूत कोरलेले असतात. ताकद ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, चार ओळी बदलून वाढवता येते, आणि आरटीओच्या दारात उभ्या असलेल्या गाडीची ताकद नुसती बघून कोणाला सांगता येणार नाही. पण यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. प्रत्येक मॉडेल विक्रीला येण्यापूर्वी एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत, म्हणजे पुण्यातही, तपासले जाते आणि त्याची कमाल ताकद प्रमाणपत्रावर येते. कराला आणि परवान्याला तोच आकडा पुरेसा आहे. मालकाने नंतर ईसीयू बदलला तर तो बेकायदा फेरफार. बोअर वाढवून मोठा पिस्टन टाकला तरी तो बेकायदाच असतो, आणि तोही बाहेरून दिसत नाही. शिवाय विजेच्या मोटारसायकलींना सीसीच नसतो. त्या जसजशा वाढतील तसतसा सीसीचा तक्ता अर्धवट होत जाणार आहे.

खुद्द जपानने वाट बदलायला सुरुवात केली आहे. सर्वांत लहान परवाना तिथे अनेक दशके ५० सीसीपर्यंत होता. नव्या प्रदूषण नियमांत ५० सीसीचे इंजिन बसवणे परवडेना, तेव्हा १ एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतची गाडीही त्याच परवान्यावर चालवायला परवानगी मिळाली, अट एवढीच की ताकद ४ किलोवॅटच्या वर नको.

आपल्याकडे परवान्याची अवस्था तर जपानच्या उलट टोकाची आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १०० सीसीच्या गाडीवर मिळवलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. जिथे रेघ हवी तिथे ती नाही, आणि जिथे नको तिथे ३५० ची आहे. थर्ड पार्टी विम्यातही तीच: १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता करही सीसीच्या टप्प्यांवरच.

माझ्या मते करावे ते असे. परवान्याला तीन पायऱ्या: ११ किलोवॅटपर्यंत, ३५ किलोवॅटपर्यंत आणि त्यापुढे खुला. वजनाच्या प्रमाणात ताकदीची अट सोबत, नाहीतर हलक्या गाडीत ३५ किलोवॅट घालून पुन्हा तीच शर्यत सुरू होईल. ज्यांच्याकडे आज परवाना आहे त्यांचा हक्क तसाच ठेवावा. विम्याचे दावे सीसीऐवजी ताकदीनुसार नोंदवायला आत्ताच सुरुवात करावी. दोन-तीन वर्षांच्या आकडेवारीनंतर हप्ता त्यावर ठरवता येईल. जीएसटीत चैनीवर कर लावायचा असेल तर तो किमतीवर लावावा, नाहीतर सगळ्या दुचाकींना एकच दर असावा. आणि बदल कोणताही असो, त्याची आगाऊ सूचना किमान दोन वर्षांची हवी. या वेळी निर्णय आणि अंमलबजावणी यांत १९ दिवस होते. नवी क्रँक, नवा पिस्टन, टिकाऊपणाची चाचणी, प्रमाणपत्र हे सगळे १९ दिवसांत होत नाही. घाईघाईने इंजिन ३४९ वर आणले तर चाकणच्या कारखान्याला एकच गाडी दोन आकारांत बनवावी लागेल, एक इथल्या करासाठी आणि एक निर्यातीसाठी, आणि दोन्हींच्या सुट्या भागांचा साठा पुढची पंधरा वर्षे सांभाळावा लागेल. सीबी४०० फोर दुरुस्त करणारे लोक आजही पिस्टन मागवण्याआधी विचारतात, इंजिन ४०८ चे की ३९८ चे?